काळा रंग काळाच राहू द्यावा : गॉथिक विवाहाच्या छायाचित्रणाचा अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

लग्न म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल आणि शालूचा हिरवा असे रंग उभे राहतात. वधूने पायघोळ काळा वेष घालावा, हातात गडद तांबडे गुलाब घ्यावेत आणि मेणबत्त्यांच्या उजेडात दहा-बारा माणसांसमक्ष लग्न करावे, ही कल्पना आपल्याकडे कोणी मांडली तर घरातील वडीलधारी मंडळी कानांवर हात ठेवतील. इंग्लंडमध्ये मात्र अशी लग्ने होतात. त्यांना तेथे गॉथिक विवाह म्हणतात. अशा विवाहाची छायाचित्रे कशी घ्यावीत, त्यात कोणत्या अडचणी येतात आणि त्यांतून छायाचित्रकाराने काय शिकावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय दूरचा वाटेल. पण त्याच्याशी माझा जवळचा संबंध आहे. माझी आई ब्लाऊज शिवते. मामा लग्नाचे फोटो काढतात. लग्नसराईत मी त्यांच्याबरोबर दिवा धरून उभी राहते. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे घरातून मला पुस्तकांचा वारसा मिळाला नाही. मिळाली ती दोन गोष्टींची ओळख : कापड आणि उजेड. गॉथिक विवाहाचे छायाचित्रण म्हणजे या दोहोंचीच परीक्षा होय.

शब्दाचा प्रवास

गॉथ हे मूळचे एका जर्मानिक जमातीचे नाव. त्यांच्या टोळ्यांनी रोमन साम्राज्याला हादरे दिले. पुढे सोळाव्या शतकात व्हासारीसारख्या इटालियन लेखकांनी उंच, टोकदार कमानींच्या जुन्या वास्तुशैलीला हिणवताना त्याच रानटी टोळ्यांचा हवाला दिला. वास्तविक त्या शैलीचा गॉथ लोकांशी काहीच संबंध नव्हता. ती बाराव्या शतकात फ्रान्समध्ये उदयास आली. पॅरिसजवळील सँ-दनी येथील मठाच्या चर्चचा ११४४ मध्ये पूर्ण झालेला भाग हा तिच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी मानला जातो. म्हणजे ‘गॉथिक’ ही मुळात शिवी होती आणि ज्यांना ती दिली गेली त्यांनी तिचेच भूषण केले. आपल्याकडेही या शैलीचे नमुने आहेत. मुंबई विद्यापीठाचा १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर आणि बोरीबंदरचे स्थानक पाहताना आपण इंग्रजांच्या हातून येथे आलेली गॉथिक वळणेच पाहत असतो.

वास्तुशिल्पातून हा शब्द साहित्यात आला. होरेस वॉलपोल याने १७६४ मध्ये एका पछाडलेल्या किल्ल्याची कादंबरी प्रसिद्ध केली आणि पुढल्या वर्षीच्या आवृत्तीत तिला ‘गॉथिक कथा’ म्हटले. तेथून भग्न मठ, वादळी रात्री आणि न विझणारे दुःख यांची एक परंपराच सुरू झाली. १८९७ मधील ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध कादंबरी. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द संगीतात शिरला. १९७९ मध्ये ‘बाउहाउस’ या इंग्लिश वाद्यवृंदाचे पहिले गाणे निघाले, १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात ‘बॅटकेव्ह’ नावाचा क्लब सुरू झाला आणि काळे कपडे, पांढरा चेहरा, काजळाने भरलेले डोळे व चांदीचे दागिने असा वेष करणारी तरुण मंडळी ‘गॉथ’ म्हणून ओळखली जाऊ लागली. त्यांना मृत्यूची हौस आहे असे लोक समजतात. माझ्या वाचनावरून मला तसे वाटत नाही. दुःख लपवून ठेवण्यापेक्षा ते अंगावर मिरवावे, त्यातही सौंदर्य शोधावे, अशी ती वृत्ती दिसते.

व्हिटबीचे गाव

या वृत्तीचे एक तीर्थक्षेत्रच इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर आहे. त्याचे नाव व्हिटबी. टेकडीवर एका मठाचे भग्नावशेष आहेत. मठ सातव्या शतकात स्थापन झाला. आज दिसणाऱ्या टोकदार कमानी मात्र तेराव्या शतकापासून पुढच्या. खाली बंदर आणि दोहोंना जोडणाऱ्या १९९ पायऱ्या. स्टोकर १८९० मध्ये येथे मुक्कामाला होता आणि त्याने आपल्या कादंबरीचा काही भाग याच गावात घडवला. १९९४ मध्ये येथे गॉथ मंडळींचा मेळा सुरू झाला आणि गावाला काळ्या वेषाची सवय झाली.

छायाचित्रणाच्या विद्यार्थ्याने या गावाची आठवण आणखी एका कारणासाठी ठेवावी. फ्रँक मेडो सटक्लिफ (१८५३–१९४१) हा मोठा छायाचित्रकार येथेच राहिला. पोटासाठी तो स्टुडिओत प्रवाशांची चित्रे काढी. पण त्याचे नाव राहिले ते गावातील कोळी, त्यांच्या बायका आणि बंदरावरची पोरे यांच्या चित्रांमुळे. तेथले धुके व ओलसर प्रकाश यांच्याशी त्याने कधी भांडण केले नाही. उलट त्यांनाच कामाला लावले. गॉथिक विवाहाच्या छायाचित्रकाराला याहून चांगला गुरू मिळणार नाही.

व्हिटबीच्या कड्यांत जेट नावाचा काळाभोर दगड सापडतो. वास्तविक तो दगड नसून कोट्यवधी वर्षांपूर्वीचे लाकूड होय. राणी व्हिक्टोरियाचे पती आल्बर्ट डिसेंबर १८६१ मध्ये वारले. त्यानंतर राणीने सुतकी वेष धरला आणि जेटच्या दागिन्यांना मोठी मागणी आली. दुःखाचा तो दागिना आज गॉथ वधू आनंदाच्या दिवशी घालते.

पांढरा वेष तरी कोठून आला ?

येथे कोणी म्हणेल, पाश्चात्त्य वधूचा वेष पांढरा. तो परंपरेने आला आहे, काळा वेष हे मुद्दाम केलेले बंड आहे. पण ही परंपराही फार जुनी नाही. १० फेब्रुवारी १८४० रोजी व्हिक्टोरिया राणीने आपल्या विवाहात पांढरा वेष घातला आणि तेव्हापासून ती चाल रूढ होत गेली. त्यापूर्वी सामान्य घरची वधू आपला असेल तो उत्तम पोशाख घालून लग्नाला उभी राही, मग त्याचा रंग कोणताही असो. स्कँडिनेव्हियात आणि जर्मनीच्या ग्रामीण भागात एकोणिसाव्या शतकात काळा वधूवेष सर्रास असे. कारण साधे होते : काळा पोशाख पुढे चर्चला आणि सणासुदीला वर्षानुवर्षे वापरता येई. माझ्या आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “शहाण्या होत्या की मग त्या.”

कॅमेऱ्याचा सरासरी हिशेब

आता मुख्य विषयाकडे वळू. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक वस्तूवरून परतणारा उजेड मोजतो. पण समोरची वस्तू काळी आहे की पांढरी हे त्याला कळत नाही. जगातील प्रत्येक दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारे आहे, असे तो गृहीत धरतो. समोर काळा वेष आला की त्याला वाटते उजेड कमी आहे. तो जास्त उजेड आत घेतो. परिणामी काळे कापड राखेसारखे होते आणि वधूचा चेहरा पांढराफटक पडतो. पांढऱ्या वेषाच्या बाबतीत याच्या उलट घडते. पांढरे मळकट होते. थोडक्यात, कॅमेरा स्वतःवर सोडला तर तो सर्वांना ओढून मध्यावर आणतो.

हे मी घरी पडताळून पाहिले. आईच्या चिंध्यांच्या गाठोड्यातून काळ्या मखमलीचा, काळ्या साटीनचा आणि काळ्या जाळीच्या लेसचा असे तीन तुकडे घेतले. ते खिडकीशी टांगून मामांच्या कॅमेऱ्याने चित्रे घेतली. कॅमेऱ्याच्या हिशेबाने घेतलेल्या चित्रात मखमल राखाडी आली. उजेड दीड पायरीने कमी केला तेव्हा ती डोळ्यांना दिसत होती तशी काळी आली. साटीनची गोष्ट वेगळी. त्याच्या सुरकुत्यांवर उजेडाच्या रेघा उमटतात, त्या रेघांतूनच त्याचे काळेपण कळते. लेस भिंतीपुढे धरली तर दिसेनाशी होते आणि खिडकीपुढे धरली की तिची सगळी नक्षी उघडी पडते. म्हणजे काळा रंग एक नाही. मखमल उजेड गिळते, साटीन उजेड उडवते आणि लेस उजेडाला वाट देते. गॉथ वधूच्या एकाच पोशाखात ही तिन्ही कापडे असू शकतात. छायाचित्रकाराला कापडाची जाण नसेल तर त्या तिन्हींचा मिळून एक काळा डाग होतो.

यावर उपाय सोपे आहेत. मामा म्हणतात, “उजेड माणसाच्या तोंडावर मोज, कापडावर मोजू नको.” चेहऱ्यापुरताच उजेड मोजण्याची सोय बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत असते. जुने छायाचित्रकार आपल्याच तळहातावरचा उजेड मोजत. तळहात मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक पायरी उजळ असतो, म्हणून त्या मापावर ते एक पायरी उजेड वाढवून घेत. वस्तूवर पडणारा उजेड मोजणारे स्वतंत्र मापक असेल तर प्रश्नच मिटतो. कारण ते कापडाकडे पाहतच नाही, दिव्याकडे पाहते.

मेणबत्ती आणि खिडकी

गॉथिक विवाह बहुधा अंधाऱ्या जागी, संध्याकाळी, मेणबत्त्यांच्या प्रकाशात होतो. मेणबत्तीचा उजेड थोडा असतोच, शिवाय अंतराबरोबर तो झपाट्याने घटतो. एक फुटावरचा चेहरा दोन फुटांवर नेला तर त्याला निम्मा नव्हे, चौथा हिस्सा उजेड मिळतो. म्हणून वधूवरांना मेणबत्तीजवळ उभे करणे हे कोणत्याही महागड्या भिंगापेक्षा अधिक उपयोगी पडते. अर्थात मोठ्या तोंडाचे भिंग आणि कॅमेऱ्याची वाढवलेली संवेदनक्षमता यांचीही गरज लागतेच. चित्रात थोडे दाणे दिसतील, ते चालतील.

अशा वेळी थेट फ्लॅश मारणे म्हणजे त्या दोघांनी मुद्दाम निवडलेला अंधार पुसून टाकणे होय. शिवाय गॉथ मंडळी चेहऱ्याला पांढरा लेप लावतात. काही लेपांतील पांढरी द्रव्ये फ्लॅशचा उजेड सरळ परत फेकतात आणि चेहरा चुन्याचा दिसतो. फ्लॅश वापरणे भागच पडले तर तो भिंतीवरून किंवा छतावरून परतवून, नारिंगी पारदर्शक कागदातून घ्यावा. म्हणजे त्याचा रंग ज्योतीच्या रंगाशी जुळतो. दिवसा खिडकीचा तिरपा उजेड सर्वांत चांगला. तो बाजूने येतो, म्हणून कापडाच्या घड्या आणि विणकाम दिसते. आणि काळा वेष काळ्या पार्श्वभूमीत विरघळू नये यासाठी मागच्या बाजूने एखादा मंद दिवा खांद्यांवर आणि केसांवर पडेल असा ठेवावा. तेवढी उजेडाची कड मिळाली की माणूस अंधारापासून वेगळा उभा राहतो.

आणखी एक अडचण नेमका रोख साधण्याची. स्वयंचलित यंत्रणेला रोख साधण्यासाठी गडद-फिकट असा फरक लागतो. काळ्या मखमलीवर तो नसतो. यंत्रणा चाचपडत राहते. अशा वेळी डोळ्याची कड, चांदीचा दागिना किंवा लेसची किनार धरावी.

थोड्या माणसांचे लग्न

आपल्याकडच्या लग्नात पाचशे पाने उठतात. तेथे फोटोवाला कोठे उभा राहिला, कोणाच्या पुढे आला, याचा कोणाला पत्ता लागत नाही. दहा माणसांच्या लग्नात छायाचित्रकार अकरावा असतो. त्याच्या बुटांचा आवाज ऐकू येतो, शटरचा खटका ऐकू येतो. म्हणून तेथील छायाचित्रकार विधीपूर्वी जागा ठरवतो, नोंदणी अधिकाऱ्याला भेटून कोठे उभे राहता येईल व फ्लॅश चालेल का हे विचारून घेतो आणि शपथा चालू असताना हलत नाही. कॅमेरा नि:शब्द चालवण्याची सोय आता झाली आहे; मात्र काही विजेच्या दिव्यांखाली त्या सोयीमुळे चित्रावर पट्टे उमटतात, म्हणून ती आधी पारखून घ्यावी लागते. जुन्या दफनभूमीत चित्रे घ्यावयाची असतील तर परवानगी घ्यावी आणि थडग्यांवर कोणाला बसवू नये. आपल्याला जी जागा सुंदर वाटते ती कोणाच्या तरी आजोबांची विश्रांतीची जागा असते.

इंग्लंडमध्ये विवाह कायदेशीर होण्यासाठी निदान दोन साक्षीदार लागतात. आपल्याकडे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीन लागतात. तेथे कधी कधी इतके छोटे लग्न असते की छायाचित्रकारच साक्षीदार म्हणून सही करतो. ही गोष्ट वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. वास्तविक छायाचित्रकार हा प्रत्येक लग्नात साक्षीदारच असतो. फक्त त्याची सही कागदावर नसून चित्रावर असते. आणि साक्षीदाराचे पहिले कर्तव्य म्हणजे पाहिले तेच सांगणे.

वेषाची किंमत

हे सर्व हौसेचे आणि श्रीमंती खेळ आहेत, असे कोणी म्हणू नये. ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील बेकप या गावी सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची तरुणी आपल्या मित्राबरोबर एका उद्यानातून जात होती. दोघांचा वेष गॉथ पद्धतीचा होता. काही पोरांच्या टोळक्याने त्या दोघांना बेदम मारहाण केली. मित्र वाचला, सोफी २४ ऑगस्ट रोजी मरण पावली. तिचा अपराध इतकाच, की ती वेगळी दिसत होती. पुढे २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी अशा निराळ्या वेषपंथांतील लोकांवरील हल्ले द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंदवण्यास सुरुवात केली.

ही हकिकत वाचल्यावर काळ्या वेषातील वधूच्या चित्राकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले. रस्त्यावर ज्या वेषासाठी टोमणे खावे लागतात, प्रसंगी मार खावा लागतो, तोच वेष घालून एखादी मुलगी आयुष्यातील मोठ्या दिवशी आपल्या माणसांत निर्धास्त उभी आहे, असे ते चित्र सांगते. तिच्या वेषाला राखाडी करणारा छायाचित्रकार तिची साक्षच बदलतो.

आपल्याकडचा काळा रंग

निराळ्या पद्धतीचा विवाह आपल्यालाही नवा नाही. सत्यशोधक समाजाच्या वतीने २५ डिसेंबर १८७३ रोजी भटजीशिवाय पहिला विवाह लागला. तो अगदी कमी खर्चात झाला आणि त्याला विरोधही सहन करावा लागला. आपल्या रीतीने लग्न करू पाहणाऱ्यांची ही जातकुळी सर्वत्र सारखीच आहे.

काळ्या रंगाचेही तसेच. लग्नात काळे अशुभ, असे आपण म्हणतो; पण मंगळसूत्राचे मणी काळे असतात. दृष्ट लागू नये म्हणून वधूच्या गालावर काजळाची तीट लावतात. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सून काळी चंद्रकळा नेसते आणि हलव्याच्या पांढऱ्या दागिन्यांनी ती खुलून दिसते. काळ्या कापडावर पांढरे दागिने, ही मांडणी कोणत्याही गॉथ वधूला आवडावी अशी आहे. चंद्रकळेचा फोटो काढतानाही कॅमेऱ्याचा तोच सरासरी हिशेब आडवा येतो आणि तोच उपाय लागू पडतो.

मात्र एक काळा रंग आपण चित्रांत राहू देत नाही. तो म्हणजे माणसाच्या कातडीचा. लग्नाचा अल्बम करताना “मुलीला जरा उजळ करा” ही सूचना जवळजवळ प्रत्येक घरातून येते, आणि आता संगणकावर ते काम दोन मिनिटांत होते. माझ्या चुलत बहिणीचा अल्बम एका स्टुडिओतून तयार होऊन आला तेव्हा आजीने चष्मा लावून पहिले पान पाहिले आणि विचारले, “ही कोण गं ?” बहीण हसली, पण तो अल्बम तिने पुन्हा कोणाला दाखवला नाही. ती सावळी आहे, मीही सावळी आहे. लग्नात खर्च करून काढलेल्या चित्रांत तिची साडी आहे, दागिने आहेत, मांडव आहे. फक्त तीच नाही.

व्हिटबीच्या गॉथ वधूने आपला काळा वेष निवडलेला असतो आणि माझ्या बहिणीला तिचा रंग जन्मतः मिळाला, हा फरक मी विसरत नाही. पण दोघींना उजळून सरासरीवर आणणारी वृत्ती एकच आहे. यंत्रातील वृत्तीला आपण दीड पायरीने आवर घालू शकतो. माणसांतील वृत्तीला किती पायऱ्या लागतील याचे माप कोणत्याही मापकात नाही.

यंदाच्या लग्नसराईत मामांनी माझ्या हाती पहिल्यांदा कॅमेरा देण्याचे कबूल केले आहे. एक अट मी घातली आहे आणि कुरकुरत का होईना त्यांनी ती मान्य केली आहे. मी काढलेल्या चित्रांतील वधूचा रंग कोणी बदलायचा नाही. त्या घरच्या मंडळींना हे आधीच सांगून टाकायचे आणि पटले नाही तर ते काम दुसऱ्याला द्यायचे. दोन घरे नकार देतील, असा मामांचा अंदाज आहे. तिसरे घर होकार देईल, असा माझा आहे.